वरच्या खोलीतली नेपाळी कादंबरी

आमच्या वाचनमंडळात चार माणसं होती. एका महाविद्यालयातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेल्या बाई, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवणारे गुरुजी, औषधांचं दुकान चालवणारे एक गृहस्थ आणि मी. औषधवाल्यांना आम्ही सगळे नुसतं 'मेडिकल' म्हणायचो, त्यांच्या तोंडावरसुद्धा. मी गोंदियालाच पाटबंधारे खात्यात कारकून होते. इटियाडोह धरणाचं पाणी कुठल्या गावातल्या धानाच्या शेवटच्या बांधीपर्यंत पोचलं नाही, याचे अर्ज दिवसभर हाताखालून जायचे. रविवारी सकाळी बाईंच्या घरी सतरंजीवर बसून कादंबरीबद्दल बोलायचं, हा आठवड्यातला एकच कार्यक्रम असा होता ज्यात कोणी कोणाची तक्रार करत नव्हतं. शिवाय आमच्या शहरात दुकानात, रिक्षात, शेजारीपाजारी सगळं हिंदीत चालतं. तासभर सलग मराठी बोलायला मिळायचं, तेही एक कारण होतं.

दिवाळी झाली की बाई पुढच्या वर्षाची यादी करायला घ्यायच्या. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन दहाएक वर्षं झाली असतील, त्या वर्षी त्या म्हणाल्या, "घरं, लग्नं आणि वाटण्या पुरे झाल्या. एक तरी कादंबरी अशी पाहिजे, जिच्यात राज्य उलथतं. आणि ती तू शोध."

"मीच का?"

"मागच्या वर्षी तू काहीच सुचवलं नव्हतंस."

ते खरं होतं. मी शोधायला लागले. सार्वजनिक वाचनालयात राजे-सरदारांच्या कादंबऱ्या पुष्कळ होत्या, पण त्यांत राज्यं जिंकली जात होती, उलथत नव्हती. स्टेशनवरच्या स्टॉलमध्ये स्पर्धापरीक्षांची पुस्तकं आणि हिंदी रहस्यकथा. नागपूरला बहिणीकडे गेले असताना एका प्रदर्शनातून परदेशी कादंबरीचा जाडजूड अनुवाद आणला. त्यातल्या माणसांची नावं इतकी लांब होती की कोण राजाच्या बाजूचा आणि कोण विरुद्ध, हे कळेपर्यंत माणूस मरून गेलेला असायचा. तेही बाजूला ठेवलं. बाईंनी विचारलं की "बघून राहिले" एवढंच म्हणायचे. इथे मी कोणाची नावं लिहीत नाही, तेव्हा शेवटी जी सापडली त्या कादंबरीचंही लिहिणार नाही.

ती सापडली आमच्याच घरात, वरच्या खोलीत.

माझे यजमान रेल्वेत गार्ड होते आणि महिन्यातले निम्मे दिवस गाडीवर असायचे. वरची खोली रिकामी होती. शहराजवळच्या बिरसीला विमान चालवायला शिकवतात, तिथली काही मुलंमुली शहरात खोल्या घेऊन राहायची. आमच्याकडे नेपाळची एक मुलगी आली. विशीतली, बुटकीशी, केस आखूड कापलेले. सकाळी गाडी यायची, पांढरा शर्ट घालून ती जायची, उन्हं उतरताना परत यायची. भाताची पेज आवडते, तिखट चालतं, यापलीकडे पहिले तीन-चार महिने मला तिची काही माहिती नव्हती. मीही विचारलं नाही. भाडेकरूला फार विचारू नये, असं माझं मत आहे.

थंडी सरता सरता तिला मलेरिया झाला. आमच्याकडे त्याचं कोणाला नवल नाही, पण ती घाबरली होती. ताप उतरला तरी डॉक्टरांचं प्रमाणपत्र मिळेपर्यंत विमानात बसता येणार नव्हतं, आणि तिला ताप येण्यापेक्षा त्याचंच जास्त दुःख होतं. मी दोन दिवस रजा घेतली आणि दुपारी तिच्या उशाशी बसायला लागले.

ती झोपलेली असताना खिडकीतलं पुस्तक हातात घेतलं. लिपी आपलीच. वाचायला सुरुवात केली तर अक्षर अन् अक्षर वाचता येत होतं आणि अर्थ मात्र लागत नव्हता. जवळजवळ प्रत्येक वाक्य 'छ'ने नाहीतर 'थियो'ने संपत होतं. तरी मधूनमधून ओळखीचं काही यायचं. धान. खेत. पानी. राजा. पहिल्याच ओळीत 'बिहान' होतं. शेजारच्या घरातल्या, डोंगरगडकडच्या सूनबाई त्यांच्या बोलीत सकाळला बिहनिया म्हणतात, तेव्हा ही सकाळ असणार. त्याच्याच पुढे 'भाले'. म्हणजे सकाळी भाले आले, असं मी धरून चालले. मग पानोपानी जिथं भाले दिसले तिथं मी हत्यारबंद माणसं उभी केली, आणि मला वाटलं की कादंबरी बरीच समजत आहे.

ती जागी झाल्यावर मी विचारलं, "इसमें लड़ाई है ना?"

"है. आपको कैसे पता?"

मी भाल्यांवर बोट ठेवलं. तिने वाचलं आणि हसायला लागली. आजारपणानंतर पहिल्यांदाच. "आन्टी, भाले मतलब मुर्गा. सुबह हो गई पर मुर्गा नहीं बोला, ऐसा लिखा है."

कोंबडा का आरवला नाही, असं मी विचारलं. आदल्या दिवशी गावात बंदूकवाले येऊन जेवून गेले होते, कोंबडे त्यांच्या पानात गेले, असं ती म्हणाली. मग उशीला टेकून तिने मला गोष्ट सांगितली. डोंगरातलं एक गाव. तिथली पोरं जंगलात निघून जातात, राजाविरुद्ध लढायला. मग फौज येते. मग पुन्हा जंगलातली माणसं. असं दहा वर्षं चालतं आणि शेवटी राजधानीत राजा जातो. पण गावाला ते दोन दिवस उशिरा कळतं, कारण रेडिओचे सेल संपलेले असतात.

"तुम्हारे गाँव में भी ऐसा हुआ?" मी विचारलं.

"सबके गाँव में हुआ," ती म्हणाली आणि पाणी मागितलं.

मी त्याच संध्याकाळी बाईंना फोन करून सांगितलं की कादंबरी मिळाली. नेपाळीत आहे हे सांगितलं नाही. ते रविवारी सांगितलं.

"वाचणार कोण?" बाईंनी विचारलं.

"ती मोठ्याने वाचेल आणि हिंदीत सांगेल. महिनाभर तिला उडता येणार नाही. रिकामीच आहे."

मेडिकलना कल्पना आवडली. पुस्तक विकत घ्यायला नको आणि चष्माही लागणार नाही, म्हणाले. बाईंनी तिथल्या तिथे यादीत लिहून टाकलं. चहाचा कप खाली ठेवून गुरुजींनी विचारलं, "हाय कायवर ते?"

मी सांगितलं. गाव, जंगल, बंदुका, दोन्ही बाजूंच्या मध्ये सापडलेला शाळेचा मास्तर, शेवटी राजा जातो.

"मग मी नाई येत," गुरुजी म्हणाले.

"काऊन?" मेडिकलनी त्यांच्याच बोलीत विचारलं.

"आठवडाभर मी तेच पाहून राहिलो. रविवारी कायले आयकाचं?"

गुरुजींची शाळा सालेकसा तालुक्यात, जंगलातल्या एका गावी होती. सोमवारी पहाटेच्या गाडीने जायचे, शाळेमागच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी परत यायचे. बायको आणि मुलगी गोंदियातच. तिकडे जंगलात बंदूकवाली माणसं आहेत, पोलिसांची ये-जा असते, हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. कोणी त्यांना विचारत नव्हतं आणि ते सांगत नव्हते. पाच वर्षं आम्ही शेजारी बसून पुस्तकं वाचली होती आणि त्यांच्या शाळेत मुलं किती, हेसुद्धा मला माहीत नव्हतं. ते उठून गेले. बाईंनी यादीतलं नाव खोडलं नाही.

पुढच्या रविवारपासून वाचन आमच्या पडवीत सुरू झालं, कारण मुलीला अजून अशक्तपणा होता. ती खुर्चीत शाल पांघरून बसायची आणि एकेक परिच्छेद आधी नेपाळीत वाचायची, मग हिंदीत सांगायची. वाचताना तिचा आवाज वेगळा लागायचा, जरा खालच्या पट्टीतला. बाई डोळे मिटून ऐकायच्या. ओळखीचा शब्द आला की मेडिकल हात वर करायचे. धान लावण्याला त्यांच्याकडे रोपाइँ म्हणतात हे कळल्यावर ते खूश झाले. "आपला रोवणा!" म्हणाले, "मग काय परकं आहे यात?" बाईंनी त्यांना गप्प बसवलं. यजमान घरी असले तर आत पेपर वाचायचे, पण पान उलटल्याचा आवाज यायचा नाही.

वाचताना मध्येच ती स्वतःचं काही सांगायची. पुस्तकातलं संपलं कुठे आणि तिचं सुरू झालं कुठे, हे पहिल्यांदा कळायचं नाही. तिचा मोठा काका फौजेत होता आणि मामा जंगलात. त्यांच्याकडे दसरा मोठा सण, घरातली वडीलधारी माणसं लहानांच्या कपाळाला टिळा लावतात. त्या वर्षांत दोघांपैकी कोणीच घरी यायचं नाही, तेव्हा आजी दोन टिळे भिंतीला लावायची. गावावरून हेलिकॉप्टर गेलं की सगळी मुलं गोठ्यात पळायची. "मैं भी भागती थी," ती म्हणाली. "फिर सोचती थी, ऊपर से हम कैसे दिखते होंगे. उन्हें मालूम होता होगा कि हम बच्चे हैं?"

बाईंनी डोळे उघडले. "म्हणून विमान शिकतेस?"

"नहीं नहीं," ती म्हणाली. "वो तो नौकरी के लिए."

तिसऱ्या रविवारी आम्ही बसलो असताना गुरुजी आले. बाईंचं एक पुस्तक परत करायचं होतं. ते बाईंच्या घरी नेऊन देता आलं असतं, पण आम्ही आमच्याकडे बसतो हे त्यांना माहीत होतं. ते फाटकाशीच थांबले. मी बसा म्हटलं तर म्हणाले, "नाई, निघतो." मुलगी वाचायची थांबली. हे कोण, असं तिने विचारलं. मी सांगितलं की मास्तर आहेत, आमच्याबरोबरच वाचतात, पण ही कादंबरी त्यांना ऐकायची नाही.

तिने त्यांना सरळच विचारलं, "क्यों, सर?"

गुरुजींना अशा प्रश्नाची सवय नव्हती. ते म्हणाले, "ऐसेच."

"आज मास्टर का ही चैप्टर है," ती म्हणाली. "मजेदार है."

मजेदार हा शब्द ऐकून ते चिडले असावेत. पण ते आत आले आणि पडवीच्या पायरीवर बसले, चपला न काढता.

तो भाग असा होता. मास्तरच्या वर्गात भिंतीवर राजाची तसबीर असते. जंगलातली माणसं येऊन सांगतात की तसबीर काढ. मास्तर काढतो. आठवड्याने फौज येते आणि विचारते, तसबीर कुठे? मास्तर लावतो. मग तो तसबीर कपाटामागे ठेवतो आणि एका मुलाला टेकडीवर बसवतो. पायवाटेवर कोण दिसतं त्याप्रमाणे मुलगा एक शिट्टी मारतो किंवा दोन, आणि मास्तर तसबीर लावतो किंवा काढतो. एके दिवशी मुलाला खोकला झालेला असतो आणि शिट्टी नीट वाजत नाही. मास्तर तसबीर हातात धरून वर्गाच्या मधोमध उभा राहतो. आता ही लावायची की काढायची, त्याला कळत नाही. आणि दारात येतो तो शेजारच्या गावचा शेळ्या विकणारा.

गुरुजी हसले. आधी नाकातल्या नाकात, मग मोठ्याने. त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मेडिकलही हसायला लागले. मग गुरुजींचं हसणं थांबलं आणि ते जमिनीकडे बघत बोलायला लागले. मुलीला समजावं म्हणून सुरुवात हिंदीत केली, पण दोन वाक्यांत आपल्या बोलीवर आले. मी तिला मधूनमधून हिंदीत सांगत गेले.

"आमच्याकडं तसबीर नोती," ते म्हणाले. "खुर्ची होती. एकच खुर्ची हाय शाळेत, हाताची. दुपारी जंगलातले आले, त्याच्यातला एक त्या खुर्चीवर बसला. पानी मांगलं. लेकरं पाढे म्हनत होती, मी म्हनलं, थांबू नोका, जोरानं म्हना. ते खिचडी खाऊन गेले. चार दिवसानं पोलीस आले. सायेब त्याच खुर्चीवर बसला. म्हने, कोन आलं होतं? मी म्हनलं, मी शिकवून राहिलो होतो, मले दिसलं नाई. मग पुन्हा ते जंगलातले आले. त्याच खुर्चीवर. म्हने, पोलिसाले कोनं सांगितलं? मी म्हनलं, मी शिकवून राहिलो होतो."

"मग?" बाईंनी विचारलं.

"मग काई नाई. मले कोनी हात नाई लावला. पन त्या पयल्या दिवशी गावातल्या एका मानसानं जंगलातल्याईले विहिरीचं पानी आनून देल्लं होतं. मीच त्याले म्हनलं होतं, आन बाबा. तो एक दिवस बायकोपोरं घेऊन निंघून गेला. कुठं गेला कोनाले मालूम नाई. त्याच्या दोन पोरी माह्या वर्गात होत्या. मागच्या पावसाळ्यात मी महिनाभर हजेरीत त्याईची नावं पुकारत होतो. गैरहजर मांडाले हातच नाई चालत होता."

मला आठवतं की त्या वेळी माझ्या मनात दुःखाआधी आश्चर्य आलं. हे सगळं आमच्या वाचनमंडळाच्याच वर्षांत घडलं होतं. गेल्या पावसाळ्यात आम्ही एका मोठ्या घरातल्या तीन भावांच्या भांडणाची कादंबरी वाचत होतो आणि गुरुजी थोरल्या भावाची बाजू घेऊन मेडिकलशी वाद घालत होते. बहुधा त्याच महिन्यात ते ती दोन नावं पुकारत होते.

मुलीने विचारलं, "उनका घर अभी खाली है?"

"खाली हाय. छपराची कवेलू लोक घेऊन गेले."

"हमारे यहाँ कुछ लोग वापस आए थे," ती म्हणाली. "दस साल बाद. सब नहीं."

गुरुजींनी मान हलवली. मग चपला काढून ते वर येऊन बसले आणि म्हणाले, "पढो आगे."

त्यानंतर ते एकही रविवार चुकले नाहीत. त्यांच्यामुळे वाचन मात्र सावकाश झालं. ते तिला दर पानावर अडवायचे. मास्तरला पगार कोण देत होतं? शाळा बंद होती तेव्हा मुलं काय करत होती? फौजेने शाळेत मुक्काम केला, मग नंतर फळा कोणी दुरुस्त केला? पुस्तकात यातलं बरंच नव्हतं. ती आपल्या गावचं आठवून सांगायची. कधी आठवायचं नाही, तेव्हा "फोन पर माँ से पूछूँगी" म्हणायची आणि खरंच विचारायची. बाईंना ते फारसं रुचत नव्हतं. त्यांच्या मते कादंबरी ही कादंबरी म्हणून ऐकायला हवी होती. एकदा त्या तसं म्हणाल्याही. गुरुजी म्हणाले, "बाई, तुमी आयका कादंबरी. मी दुसरं काई आयकून राहिलो."

मुलीला डॉक्टरांचं प्रमाणपत्र मिळालं. ती पुन्हा पहाटे जायला लागली, रविवारीही कधीकधी. वाचन तुटक झालं. एकदा ती विमानाने नवेगाव बांधच्या बाजूला जाऊन आली होती. तिथलं ते जुनं तळं वरून केवढं दिसतं आणि त्याच्याभोवती धानाच्या बांध्या कशा दिसतात, हे मेडिकलनी तिला तीनदा सांगायला लावलं, कारण त्यांचं सासर तिकडचं. गुरुजींनी विचारलं, "मानसं दिसतेत का?" ती म्हणाली, बैलगाडी दिसते, माणूस नीट दिसत नाही, लहान आहे की मोठा ते तर नाहीच. एवढं बोलून ती पुस्तकाकडे वळली.

उन्हाळ्यात तिचं इथलं शिक्षण संपलं. कादंबरी अजून पाव उरली होती. जाण्याच्या आदल्या रविवारी तिने ठरवलं की उरलेलं वाचायचं नाही, सांगायचं. पुस्तक ठेवून जातेस का, असं मी विचारलं होतं, पण ते तिच्या भावाचं होतं आणि त्याला परत द्यायचं होतं.

तिने सांगितलेला शेवट असा. राजा जातो. नवं सरकार येतं. जंगलातली माणसं गावात परत येतात, त्यातले काही मोठ्या गाड्यांतून. राजधानीत पळून गेलेला मास्तर म्हातारपणी गावी येतो आणि शाळा उघडतो. वर्गात मुलं असतात, पण ओळखीचं घराणं एकही नसतं. भिंतीवर कोणाची तसबीर लावायची, असं नवा सरपंच विचारतो. मास्तर म्हणतो, तिथे भिंतीत खिडकी पाडा, उजेड कमी आहे.

मेडिकलना शेवट पटला. बाई म्हणाल्या, जरा सोपा आहे, लेखकाला घाई झाली असावी. गुरुजी म्हणाले, "परत कोनी जात नाई. आनि गेला तं त्याले शाळा कोन देते?"

"सर, किताब है," मुलगी म्हणाली.

"मालूम है," गुरुजी म्हणाले.

निघताना तिने सगळ्यांना वाकून नमस्कार केला. स्टेशनवर सोडायला मी आणि गुरुजी गेलो. गाडी उशिरा होती. बाकावर बसून ते दोघं बोलत होते, मी सामानाजवळ उभी होते. ती त्यांना सांगत होती की बदली मागा. ते म्हणत होते की सहा वर्षं मागून राहिलो. गाडी आली तेव्हा गर्दीत तिचा डबा सापडेना, मग सापडला, आणि नीट निरोप घ्यायचा राहिलाच.

तिचे एक-दोन वर्षं फोन आले. त्यांतून कळलं की ती डोंगरातल्या छोट्या धावपट्ट्यांवर उतरणारी विमानं चालवत होती, सहवैमानिक म्हणून शेजारच्या खुर्चीतून. मुख्य वैमानिक व्हायला अजून वेळ होता. मग नंबर बदलला असेल, तिचा किंवा आमचा. आमचा तर बदललाच.

ती कादंबरी वाचली असं धरायचं की नाही, यावर आमच्यात पुढच्या दिवाळीला वाद झाला, कारण आम्ही पाऊणच ऐकली होती. बाईंनी धरायची असं ठरवलं. त्या वर्षी यजमान निवृत्त झाले आणि वरची खोली त्यांनी स्वतःसाठी घेतली.

गुरुजींची बदली दीड वर्षाने झाली, तिरोड्याच्या रस्त्यावरच्या मोठ्या शाळेत. घरून सायकलने जाता येईल इतकी जवळ. त्यांनी पेढे दिले नाहीत, पण रविवारी नवा शर्ट घालून आले. त्यांच्या जुन्या शाळेला बरेच महिने दुसरा मास्तर मिळाला नाही, असं नंतर कळलं.

पुढे एकदा त्यांच्या नव्या शाळेत स्नेहसंमेलन होतं, मी गेले होते. मुख्याध्यापक नव्या मास्तरांची ओळख पाहुण्यांना करून देत होते. गुरुजींकडे वळून ते म्हणाले, "हे आमचे जंगल भागातले अनुभवी. सांगा ना, कसं होतं तिकडे?"

पाहुणे वाट बघत होते. गुरुजींनी घसा साफ केला.

"शाळा चांगली होती," ते म्हणाले. "पाणी जरा दूर होतं."

मग मुलांचा नाच सुरू झाला आणि सगळे तिकडे बघायला लागले.